रांगेत उभं राहून फुटबॉल येत नाही

अठरा पोरं एका रांगेत, समोर एक गोल, बाजूला शिट्टी घेतलेले सर. एकेकानं पुढे यायचं, फटका मारायचा, धावत जाऊन चेंडू आणायचा आणि रांगेच्या शेपटाला उभं राहायचं. एकाला वीस सेकंद धरली तरी पुन्हा नंबर यायला सहा मिनिटं लागतात. म्हणजे वीस मिनिटांत तीन फटके. उरलेल्या वेळात पोरगं काय करतं? पुढच्याच्या पाठीत गुद्दा घालतं, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतं. बाहेर उभ्या असलेल्या आईबापांना मात्र ही रांग फार शिस्तीची वाटते. ती अजून टिकून आहे ती त्यामुळेच.

मी मूळची कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की आमच्या घरी दुपारची भांडी लवकर घासून व्हायची. पेठेतल्या बोळात आम्हाला कुणी रांगेत उभं केलं नाही. दोन दगड मांडले, चार पोरं जमली, की खेळ सुरू; पाचवा आला की तो आत. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपल्याकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. लग्नानंतर मी बडोद्याला आले, मुलाला सोडायला मैदानावर जाऊ लागले आणि तिथेच अडकले. आता संध्याकाळी माझ्याकडे सहा ते तेरा वर्षांची मुलं-मुली असतात. मराठी, गुजराती, सिंधी, सगळी मला काकूच म्हणतात. ज्या क्लबाकडे गवत नाही, जाळी लावलेला गोल नाही आणि कोचला पगार नाही, अशा पोळांतल्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांतल्या, नि सोसायटीतल्या क्लबांसाठी हे लिहितेय.

जर्सी नंतर, चेंडू आधी

वर्गणी जमली की सगळ्यात आधी जर्सी शिवायला टाकतात, पाठीवर नाव आणि नंबरसकट. थांबा. आधी चेंडू घ्या, दोघांत एक तरी हवाच. साधारण आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा, मग बारा-तेरापर्यंत चार नंबरचा, त्यानंतर पाच नंबरचा. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो आणि त्याचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर. सात वर्षांच्या पोराला तो दिला तर ते बुटाच्या टोकानं ठोसायला लागतं, कारण दुसऱ्या कशानं तो हलतच नाही. ती सवय पुढे मोडताना नाकी नऊ येतात.

दिवाळीनंतर आपल्या मैदानांची माती टणक होत जाते आणि चेंडू टप्पा घेऊन छातीपर्यंत उडतो. मग पोरं पायानं खेळण्याऐवजी चेंडू खाली यायची वाट बघत बसतात. जमल्यास एक-दोन फुटसालचे चेंडू ठेवा. दोन मीटरवरून सोडल्यावर त्याचा पहिला टप्पा ५० ते ६५ सेंटिमीटरच उठावा, असा नियमच आहे. तेवढं परवडत नसेल तर साध्या चेंडूतली थोडी हवा काढा. अंगठ्यानं दाबल्यावर जरा आत गेला की पुरे.

जमिनीवर अंथरायची ती दोरीची शिडी विकत घेऊ नका. फोटो छान येतात, पण त्यातून पोरं शिडीत नाचायला शिकतात. समोरचा पाय घालायला आला की काय करायचं, ते शिडीत कुठे असतं?

एका तासाचं काय करायचं

कुणी सकाळच्या पाळीच्या शाळेतलं, कुणी दुपारच्या, कुणाचा क्लास सुटायचा असतो. सगळे जमेपर्यंत थांबलात तर पहिली पंधरा मिनिटं गेली. म्हणून जो पहिला येईल त्याच्या पायात चेंडू द्या, दुसरा आला की एकास एक, चौघे झाले की दोन-दोन. पळायच्या फेऱ्या नकोत. लवकर आलं की जास्त खेळायला मिळतं हे कळल्यावर पोरं आपणहून वेळेवर येतात, उशिराबद्दल ओरडावं लागत नाही.

मग विषामृत. खेळ सगळ्यांना येतो, फक्त प्रत्येकाच्या पायाशी चेंडू द्यायचा. दोघांवर राज्य. ज्याला विष मिळालं त्यानं चेंडू डोक्यावर धरून पाय फाकून उभं राहायचं. दुसऱ्यानं आपला चेंडू त्याच्या पायांमधून घातला की अमृत. दहा मिनिटांत प्रत्येक पोर कितीदा वळतं, थांबतं, मान वर करून बघतं ते एकदा बाजूला उभं राहून पाहा. असंच डोंगर-पाणी चेंडूसकट खेळता येतं. खो-खोही अधूनमधून घ्या, तो चेंडूशिवाय. बसल्या जागेवरून सुटायची सवय दुसऱ्या कशानं इतकी लवकर लागत नाही.

त्यानंतर डॉगी, म्हणजे चौघे बाहेर, एक मध्ये. बाहेरच्यांनी चेंडू फिरवायचा, मधल्यानं पकडायचा. बार्सिलोनावाले याला रोंडो म्हणतात आणि मोठमोठे खेळाडू रोज करतात, पण आपल्याकडे तो नुसता टाइमपास होतो, कारण कोच त्या वेळी मोबाइलवर असतो. डॉगीत बघायच्या गोष्टी दोनच आहेत आणि दोन्ही चेंडू येण्याआधीच्या आहेत.

एक, मान. चेंडू आपल्याकडे यायच्या आधी पोरगं खांद्यावरून मागे बघतं का? हे तोंडानं सांगून होत नाही. मी पोराच्या पाठीमागे जाऊन उभी राहते आणि बोटं वर करते, कधी दोन, कधी चार. त्यानं चेंडू घेतला की विचारते, किती? सुरुवातीला सगळे अंदाजपंचे सांगतात. आठवड्याभरात माना वळायला लागतात, आणि मग काकू कुठे उभी आहे हे शोधायचाच एक खेळ होऊन बसतो.

दोन, कुठल्या पायानं घेतला. आमच्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी आहे. चेंडू डावीकडून आला की ती डावा पाय पुढे टाकून तिथल्या तिथे दाबून धरायची, बुटाच्या तळव्याखाली. चेंडू थांबायचा खरा, पण तिची पाठ उजव्या बाजूला जायची आणि अर्धं मैदान दिसेनासं व्हायचं. मधलं पोर आलं की ज्यानं दिला त्यालाच परत, दुसरा रस्ताच नाही. तिला ‘उजव्या पायानं घे’ असं ओरडून सांगितलं असतं तर तिनं माझ्यासमोर तेवढ्यापुरतं केलं असतं. त्याऐवजी मी डॉगीचे दोन चौकोन शेजारी शेजारी आखले. चार पास झाले की चेंडू पलीकडच्या चौकोनात देता येईल, दिला की एक गुण. आता पलीकडे द्यायचं तर पलीकडचं दिसायला हवं. मग ती आपोआप जरा तिरकी उभी राहायला लागली, डावीकडून आलेला चेंडू अंगासमोरून जाऊ द्यायला लागली आणि लांबच्या, उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं पुढे ओढून घ्यायला लागली. पहिल्या स्पर्शातच तिचं तोंड पलीकडे. मी काहीच बोलले नव्हते. कोचचं काम चौकोन कुठे आखायचा ते ठरवण्याचं असतं, बाकीचं पोरं करून घेतात.

उरलेला अर्धा तास मॅच. इथेही रांगेची बहीण हजर असते, बाकावर बसलेली. नऊ विरुद्ध नऊ लावलं की चेंडूभोवती घोळका आणि लांब उभी राहिलेली पाच-सहा पोरं आकाशातले पतंग मोजतात. तीन विरुद्ध तीन लावा. अठरा पोरं असतील तर तीन छोटी मैदानं आणि प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन-दोन गोल. गोलांना चपला चालतात. बारा गोलांना चोवीस चपला, अठरा जणांच्या पुरून उरतात. हॉर्स्ट वाइन नावाच्या जर्मन प्रशिक्षकानं हा प्रकार फुनिन्यो या नावानं मांडला, आणि २०२४-२५च्या हंगामापासून जर्मनीनं लहान वयोगटांना असे छोटे सामने बंधनकारकच केले. दोन गोलांची गंमत अशी की एका गोलापाशी गर्दी झाली की पोराला मान वर करून दुसरा शोधावा लागतो. गोल करायचा तो गोलाच्या पाच-सहा मीटर आत येऊनच, हा नियम ठेवा, म्हणजे लांबून धोपटाधोपटी होत नाही. दर चार मिनिटांनी जिंकलेल्यांनी एक मैदान वर सरकायचं, हरलेल्यांनी खाली. थोड्याच वेळात सारख्या ताकदीची पोरं आपोआप एकमेकांसमोर येतात आणि तुम्हाला कुणालाही ‘कच्चा’ म्हणावं लागत नाही.

आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०१८ साली गोल्डन बेबी लीग सुरू केली तेव्हाही लहानांसाठी छोटी मैदानं आणि कमी खेळाडू हेच ठेवलं. तेव्हा कुणी पालक म्हणाले की ‘अकरा-अकरा का नाही खेळवत’, तर हे सांगा.

मॅच चालू असताना तुम्ही गप्प बसा. जमत नसेल तर एखाद्या आजोबांना वही द्या आणि आपण किती वेळा ओरडलो याच्या रेघा मारायला सांगा. खेळ थांबवायचा तर अर्ध्या तासात एक-दोनदाच, आणि थांबवल्यावर भाषण नको, प्रश्न: तू इथे होतास, तुला कोण दिसत होतं? उत्तर चुकलं तरी पुढे चालू.

गोलकीपर पाळीपाळीनं, सगळ्यांनी. जाड्या पोराला कायमचं गोलात उभं करणं हा आपल्याकडचा जुना अन्याय आहे. टणक मातीवर झेप मारायला शिकवू नका. एक गुडघा टेकून चेंडूमागे अंग आणणं तेवढं शिकवा. हेडिंग बारा वर्षांपर्यंत सरावात नकोच. अमेरिकेत २०१५च्या अखेरीस दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते बंद झालं, इंग्लंडच्या संघटनेनं फेब्रुवारी २०२०मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून काढून टाकलं. इथे कुणी विचारत नाही, म्हणून आपणच काढावं.

अंग घडवायचं तर बडोद्याला बाहेरून काही आणावं लागत नाही. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराची परंपरा असलेलं हे गाव आहे. मल्लखांबावर चढलेलं पोर पडायला भीत नाही आणि पडलं तरी नीट पडतं. फिफाचा ‘अकरा प्लस’ नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप आहे, तो चौदाच्या पुढच्यांसाठी. सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी त्याचीच वेगळी आवृत्ती आहे. एका पायावर तोल, उडी मारून मऊ उतरणं, कोलांटी, असं त्यात असतं. पालकांना ते खेळ वाटत नाही, पण गुडघे वाचतात.

डिसेंबरमध्ये जन्मलेली पोरं

वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे जानेवारीतलं पोर आणि डिसेंबरमधलं पोर एकाच गटात, मध्ये जवळपास वर्षाचं अंतर. दहाव्या वर्षी हे अंतर उंचीत दिसतं, धावण्यात दिसतं, धक्का लागला की कोण पडतं त्यातही दिसतं. निवड करताना आपण ‘टॅलेंट’ निवडतोय असं वाटतं आणि यादी काढून पाहिली तर वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतलीच पोरं जास्त निघतात. आपल्या क्लबाची यादी आजच काढा आणि जन्ममहिने शेजारी लिहा.

शिवाय उंचीची उसळी प्रत्येकाची वेगळ्या वेळी येते. मुलींना साधारण अकरा-बाराला, मुलांना तेरा-चौदाला, पण वर्ष-दीड वर्ष इकडेतिकडे सर्रास होतं. बाराव्या वर्षीच मिसरूड फुटलेलं पोर नुसतं पळून सगळ्यांना मागे टाकतं, त्याला ड्रिब्लिंग शिकायची गरजच पडत नाही. दोन वर्षांनी बाकीचे त्याच्याएवढे होतात आणि त्याच्याकडे काही उरत नाही. त्याला आजच मोठ्यांत खेळवा, जरा धक्के खाऊ द्या. बारक्या पोराला एखाद्या दिवशी खालच्या गटात खेळवा, म्हणजे चेंडू त्याच्याकडेही राहील.

दर तीन महिन्यांनी खांबाला टेकवून उंचीची रेघ मारा. ज्याची रेघ एकदम वर गेली ते पोर काही महिने धांदरट होतं, स्वतःच्याच पायात अडकतं. त्याला टीममधून काढू नका. याच वयात गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा टेंगूळ येऊन दुखतं, किंवा टाच दुखते. ‘वाढीचं दुखणं’ म्हणून तेल चोळून पळवू नका. उड्या आणि फटके कमी करा, डॉक्टरांना दाखवा.

मुलींबद्दल एवढंच: बारा वर्षांपर्यंत एकत्र खेळवा. शॉर्ट्सखाली लेगिंग्ज घालायच्या असतील तर घालू द्या, त्यावर चर्चा नको. मैदान निवडताना जवळ वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का ते आधी बघा. मुली सोडून जातात त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं आणि ते कुणी सांगत नाही. बाकी, लहानपणापासून गरबा खेळलेल्या मुलीला पायावर वळायला शिकवावं लागत नाही. ती आधीच वळते.

बडोद्याचं कॅलेंडर

नवरात्रात सराव ठेवलात तर येणारं पोर झोपेत येतं. नऊ दिवस नुसती तीन-तीनची मॅच ठेवा, यायचं त्यानं यावं. उत्तरायणानंतर, म्हणजे १४ आणि १५ जानेवारी उलटले की, पहिल्या दिवशी खेळ नाही. सगळ्यांनी मिळून मैदानातला मांजा गोळा करायचा. पायाला गुंडाळला की कातडी कापते. एप्रिल-मेमध्ये पारा ४०च्या वर जातो, तेव्हा सकाळी सहाला सुरू करून आठच्या आत घरी. पाणी दर पंधरा मिनिटांनी, तहान लागो न लागो, आणि मीठ-साखर-लिंबाची एक कळशी. पोराला गरगरलं किंवा मळमळलं तर सावलीत आडवं करा, कपडे ओले करा, आणि बरं वाटेना तर दवाखाना. ते वेडंवाकडं बोलायला लागलं तर मात्र वाट बघू नका, कपडे ओले करत थेट दवाखाना. पावसाळ्यात पूर ओसरल्यावर मैदान पायानं चाचपून घ्या, काचा, खिळे, तारा. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा मगरी सोसायट्यांत निघाल्या होत्या. नदीकाठच्या मैदानावर झुडपात गेलेला चेंडू आणायला पोरांना पाठवू नका. हे मी गमतीनं म्हणत नाहीये.

कडेला उभे असलेले

अॅक्टिव्हावर बसून उंटावरून शेळ्या हाकणारे बाबा प्रत्येक क्लबात असतात. ‘मार! मागे ये! अरे पास दे!’ पोर चेंडूकडे बघणार की बाबांकडे? हंगामाच्या सुरुवातीला एकदाच सांगा: टाळ्या कितीही, सूचना एकही नाही. मग त्यांना काम द्या. एकानं पाणी, एकानं बिब (टीम ओळखायची रंगीत बंडी), एकानं घड्याळ. हात गुंतले की तोंड कमी चालतं.

‘काकू, एने आगळ रमाडो ने’, त्याला पुढे खेळवा, हे मला रोज ऐकावं लागतं. बारापर्यंत कुणाचीही जागा पक्की नाही, हेच उत्तर. मॅचमध्ये प्रत्येक पोर निम्मा वेळ तरी खेळणार, फायनल असली तरी. हे आधी कागदावर लिहून द्या, नाहीतर फायनलच्या दिवशी तुम्हीच डळमळाल.

गुजरात सरकारचा खेल महाकुंभ २०१० पासून होतो आणि त्यात नाव घालायला सगळ्यांना आवडतं. घाला, पण जन्मदाखला खरा हवा. ‘एक वर्ष कमी दाखवू’ असं सुचवणारा कुणीतरी भेटतोच. पुढच्या पातळीवर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. तिथे पकडलं की शिक्षा पोराला होते, सुचवणाऱ्याला नाही.

मोठं माणूस एकटं आणि पोर एकटं, असं कधीच होऊ देऊ नका. घरी सोडताना दोन मुलं बरोबर, निरोप पालकांच्या ग्रुपवर. कुणाबद्दल संशयास्पद काही कळलं तर मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. क्लबात मिटवून टाकायचा पर्याय आपल्याला नाही. आणि सवड काढून महासंघाचा कोचसाठीचा डी लायसन्सचा कोर्स करा. मग सी, बी, ए असं वर जाता येतं, पण बारापर्यंतच्या पोरांना डी नीट पचवलेला कोच पुरतो.

एखादं पोर खरंच पुढचं निघालं तर त्याला जाऊ द्या. निवासी अकादमीत पाठवण्याआधी पालकांना तिथे एक दिवस राहून यायला सांगा. शाळा कुठली आणि रोज जाता येतं का, जेवण काय, दुखापत झाली तर खर्च कोण करणार, हे लेखी घ्या. महासंघ अकादम्यांना तारांकित मान्यता देतो, ती आहे का ते विचारा. नुसतं मोठं नाव आणि परदेशी क्लबाचा लोगो बघून फीचे हप्ते सुरू करू नका. तुमच्याकडे ना-हरकत पत्र मागितलं तर त्याच आठवड्यात द्या. चांगला खेळाडू हातचा जातोय म्हणून ते पत्र महिना-महिना अडवून ठेवणारे क्लब मी पाहिलेत, आणि तोवर तिकडची निवड संपलेली असते.